उमेदवारी कोणाच्या खर्चाने?

कोल्हापुरात सध्या एकच भांडण दोन ठिकाणी, एकमेकांचं न ऐकता चाललेलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चार कारखानदारांसोबत चहाला बसा. कप रिकामा व्हायच्या आत विषय निघतो की कामाला माणूस मिळत नाही. पोरं इंजिनिअरिंगची डिग्री दाखवतात, पण व्हर्नियरवरचं माप वाचता येत नाही. मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला, गावातलं पोरगं फिरकत नाही. बिहार-ओडिशाची माणसं सणाला गावी गेली की निम्मं काम अडतं. तिथून उठून शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. बी.ए., बी.कॉम., अगदी बी.ई. झालेली पोरं-पोरी सकाळपासून भरतीची पुस्तकं उघडून बसलेली दिसतील, आणि ती सांगतील की नोकऱ्याच नाहीत. २०२४ मध्ये राज्यातल्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. तेव्हा त्यांचंही बोलणं हवेतलं नाही.

या दोघांच्या मधे उभे राहून लिहिणारे-बोलणारे जे आम्ही लोक, त्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, डिग्र्या गुंडाळून ठेवा, पोरांना हातात कौशल्य द्या, कोल्हापुरातलं वर्कशॉपांचं उद्यमनगर काय पदवीधरांनी उभारलं का? दुसरा तट म्हणतो, कौशल्य-कौशल्य हा जप म्हणजे बहुजनांच्या पोरांना पुन्हा हातोड्याला जुंपायचा डाव आहे. शिक्षण माणूस घडवण्यासाठी असतं, कामगार पुरवण्यासाठी नव्हे. दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात. हातातलं काम शिकवणार कोण, कुठल्या जागेवर, आणि शिकेपर्यंत त्या पोराचं पोट कोण भरणार, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. माझं मत असं आहे की कामाची कौशल्यं कामाच्या जागीच शिकली जातात, त्यासाठी पगारी उमेदवारी (पगार घेत जाणत्याच्या हाताखाली शिकणं) लागते, आणि ती देण्याची जबाबदारी इथल्या उद्योगाने हळूहळू अंगाबाहेर टाकली. कॉलेजांनी ती उचलल्यासारखं दाखवलं, सरकारने त्यावर योजना काढली, आणि सगळ्याचं खापर शेवटी पोरांच्या डोक्यावर फुटलं.

पहिल्या तटाच्या आवडत्या उदाहरणापासून सुरुवात करू. चार इयत्ता शिकलेला मेस्त्री, ज्याने परदेशी इंजिन खोलून बघितलं आणि तसंच बनवून दाखवलं. अशा माणसांनी हे शहर घडवलं यात शंका नाही. आपल्याकडचं याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बाबूराव पेंटर. त्यांनी १९१८ च्या सुमारास देशी बनावटीचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, आणि तोही कोल्हापुरात, कुठल्याही तंत्रशाळेत न जाता. भाषणात हे सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘बघा, डिग्री कुठं लागली?’ नाही लागली, खरं आहे. पण मग काय काय लागलं, तेही सांगा की. बाबूराव मेस्त्रीच्या घरात जन्मले. वडील कसबी कारागीर. रंग, लाकूड, लोखंड या सगळ्यांत त्यांचा हात चालायचा. म्हणजे इतरांना पैसे देऊन जी कार्यशाळा शोधावी लागते, ती बाबूरावांच्या घरातच होती. कॅमेऱ्याचा ध्यास त्यांनी चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत घेतला, आणि १९१६ मध्ये आनंदराव गेल्यावर विष्णुपंत दामल्यांसारख्या जोडीदाराच्या मदतीने तो तडीला नेला. मधली कित्येक वर्षं या खटपटीतून रुपया सुटत नव्हता. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायची वेळ आली, तेव्हा गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरवला. वर्षानुवर्षं चुकत शिकण्याची सवड, शेजारी हाताखाली घेणारा जाणता माणूस, आणि वेळेला खर्च उचलणारं कोणीतरी, एवढं सगळं असल्यावर डिग्री लागत नाही हे मलाही मान्य आहे. ज्या पोराला यातलं काहीच नाही, त्याला बाबूरावांची गोष्ट सांगून डिग्री सोडायला लावणं ही फसवणूक आहे. शिवाय या गोष्टींत फक्त जिंकलेले मेस्त्री येतात. ज्यांची बोटं प्रेसखाली गेली, जे जन्मभर हेल्परच राहिले, त्यांच्यावर व्याख्यान कोण देणार?

पण बाबूरावांच्या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो भाषणांत कधीच येत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही सिनेमा काढणारी संस्था होती, तशीच ती शाळाही होती. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही माणसं तिथेच तयार झाली. सेट रंगवणं, कॅमेरा चालवणं, फिल्म धुणं, पडेल ते काम करणं, सगळं शिकता शिकता. त्या कंपनीत ‘आम्हाला तयार माणूस हवा’ अशी पाटी असती तर काय झालं असतं? तयार माणूस तेव्हा हिंदुस्थानात मिळत नव्हता. म्हणून तो तयार करावा लागला.

आता आजच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, काय शिकायचं असतं ते बघू, कारण ‘कौशल्य’ हे नुसतं शब्दासारखं वापरलं की ते दोन महिन्यांच्या कोर्समध्ये बसेल असं वाटायला लागतं. साच्याची वाळू घ्या. वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी. पाणी जरा जास्त झालं तर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड आत पडताच वाफ होते, तिला निघायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लो होल, म्हणजे पोकळ्या, राहतात. पाणी कमी पडलं तर साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत जाते. प्रयोगशाळेत ओलावा मोजायचं यंत्र असतं आणि ते असायलाच हवं. पण मुरलेला मोल्डर मुठीत वाळू दाबतो, मूठ उघडतो, गोळा मोडून बघतो, आणि यंत्राचा आकडा यायच्या आत सांगतो की मिक्सर थांबवा. हे त्याला कसं कळतं? शेकडो साचे बिघडलेले त्याने पाहिलेत, आणि ते का बिघडले हे त्याला कोणीतरी त्याच वेळी, त्याच जागी सांगितलंय. मशीन शॉपमध्येही तेच. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रावर, जॉब लावून सायकल स्टार्टचं बटण दाबणं अर्ध्या दिवसात येतं. माप अचानक बाहेर गेलं तर कापणारा इन्सर्ट झिजलाय, यंत्रात भरलेला ऑफसेट चुकलाय, की जॉब धरणाऱ्या फिक्श्चरवर जॉबखाली एक चिप अडकलीय, हे ओळखायला वर्ष-दोन वर्षं जातात. कारखानदाराला हवा असतो तो हा दुसरा माणूस, आणि तो पगार देऊ करतो पहिल्याचा.

फौंड्रीचं उदाहरण घेतलं म्हणून कोणी असं समजू नये की हा प्रश्न ग्रीस लागलेल्या हातांपुरता आहे. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात जा. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली मुलगी जीएसटीची व्याख्या घडाघडा सांगते. पण पुरवठादाराने बिल चढवलेलंच नाही, म्हणून ते टू-बी मध्ये (खरेदीवर भरलेल्या कराच्या ऑनलाइन यादीत) दिसत नाही, म्हणून आपल्या अशिलाचा कराचा क्रेडिट अडकलाय, आणि आता त्या पुरवठादाराला फोन करून, न दुखावता पण न सोडता, ते काम करून घ्यायचंय, इथे ती अडखळते. यात तिचा काय दोष? हा धडा कुठल्या पुस्तकात आहे? दोन महिने वरिष्ठांच्या शेजारी बसून त्यांचे फोन ऐकले की तो आपोआप येतो. दवाखान्यातलं रिसेप्शन, हॉटेलचं किचन, दूध संघाची लॅब, सगळीकडे हेच आहे.

कॉलेजांचं मी थोडक्यात उरकतो, कारण त्यांना झोडपणं सोपं आहे आणि त्यातून काही निघत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिले. कल्पना चांगली. पण शेकडो पोरांना घेईल एवढे कारखाने आणि ऑफिसं प्राध्यापकांनी कुठून आणायची? मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का येतो, ठरलेल्या नमुन्यातला अहवाल येतो, आणि श्रेयांक जमा होतात. जोडीला व्यक्तिमत्त्व विकासाची एक दिवसाची कार्यशाळा: टाय कसा बांधावा, हात कसा मिळवावा, इंग्रजीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. (मुलाखत घेणारा मालक स्वतः कोल्हापुरी मराठीत विचारतो, ‘कुठलं गाव तुमचं?’, ही गंमत कार्यशाळेत कोणी सांगत नाही.)

आता दुसऱ्या तटाचा मुद्दा. तो पहिल्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि त्याला हसून उडवणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी (राजाजींनी) प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावं आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय शिकावा. कागदावर किती व्यवहारी वाटतं! पण घरचा व्यवसाय म्हणजे काय? न्हाव्याच्या पोराने वस्तरा, चांभाराच्या पोराने आरी, आणि वकिलाच्या पोराने घरात वडिलांची पुस्तकं. लोकांनी त्याला कुलशिक्षण, म्हणजे जातीवरून ठरलेलं शिक्षण, म्हणून धुडकावलं, मोठं आंदोलन झालं, आणि १९५४ मध्ये राजाजींना खुर्ची सोडावी लागली व योजनाही गेली. ज्यांच्या घरात हे जगलं गेलंय त्यांना ‘हाताने काम करण्यात प्रतिष्ठा आहे’ हे वाक्य दुसऱ्यांच्या मुलांना सांगितलेलं वाक्य वाटतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच असतं.

दूर मद्रासला कशाला जायचं? २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नाव घेतलं नाही, तेव्हा आपल्या अभिमानाला केवढी धार आली होती! २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे दाखले सगळ्यांच्या तोंडी होते. चप्पल लाइनमधल्या कारागिराच्या कसबावर त्या आठवड्यात जेवढं लिहिलं गेलं, तेवढं आधीच्या दहा वर्षांत लिहिलं गेलं नसेल. पण त्या लिहिणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या मुलाला त्या कारागिराच्या हाताखाली तीन वर्षं बसवायला तयार झाले? कारागिराच्या मुलाने मात्र ते काम सोडू नये, परंपरा टिकवावी, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. दुसऱ्या तटाला जो संशय येतो तो इथून येतो, आणि तो रास्त आहे.

मग मी तरीही उमेदवारीची बाजू का घेतो? कारण मद्रासच्या योजनेत विष नेमकं कशात होतं हे तपासलं तर ते हाताच्या कामात सापडत नाही. पोर कोवळं होतं, काम जन्मावरून ठरलेलं होतं, आणि त्यातून बाहेर पडायची वाट नव्हती; विष या तीन गोष्टींत होतं. याच्या उलट टोकाला उभे असलेले राजर्षी शाहू बघा. १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारे, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारे, जातवार वसतिगृहं काढून पोरं कॉलेजपर्यंत पोहोचवणारे शाहू महाराज. त्यांनीच १९०६ मध्ये कापडाची गिरणी काढली. त्यांनीच दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. आणि त्यांनीच १९१८ मध्ये बलुतेदारी कायद्याने बंद केली. या सगळ्यात विसंगती आहे का? मला तरी दिसत नाही. जन्माने गळ्यात पडलेलं काम त्यांनी सोडवलं आणि आपल्या मर्जीने उचललेल्या कामाला भांडवल आणि मान दिला. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यातही हेच आहे: शूद्रांच्या मुलांना शाळेत मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण मिळावं आणि त्याच्या जोडीला शेतीचं व आरोग्याचं प्राथमिक ज्ञान मिळावं. व्यवहारी शिक्षण म्हणजे कमअस्सल शिक्षण, असं फुल्यांना वाटलं नाही. ते आपल्याला कधीपासून वाटायला लागलं?

आणि कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्या कुंभोजचेच. ओगले काचकारखाना, किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री करत ते गावोगाव फिरले होते. बाजार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा आणि शिका हे तिचं तत्त्व केलं. पोरांनी शेतात राबायचं, माती उपसायची, आणि त्याच श्रमांवर शिकायचं. १९४७ मध्ये साताऱ्याला त्याच तत्त्वावर कॉलेज निघालं. इथे श्रम शिक्षणाच्या बदल्यात आले नाहीत, ते शिक्षणाचा खर्च भागवायला आले, आणि त्यांची वाट थेट पदवीपर्यंत जात होती. आज शिवाजी विद्यापीठातही ही योजना चालते. म्हणजे ‘एकतर डिग्री नाहीतर कौशल्य’ अशी जी निवड आपल्यापुढे ठेवली जाते, ती या भागाने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढली होती. म्हणून माझी अट साधी आहे. उमेदवारी अठरा वर्षांनंतर, स्वतःच्या निवडीने, आणि तिचे श्रेयांक पुढे डिप्लोमा-डिग्रीला जोडता येतील अशी. ज्या योजनेत ही शेवटची वाट बंद आहे, तिच्याविरुद्ध मी दुसऱ्या तटासोबत मोर्चात येईन. जर्मनीच्या पद्धतीचं आपल्याकडे फार कौतुक होतं. २०२४ मध्ये राज्याने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. पण तिथल्या बहुतेक राज्यांत मुलाची वाट दहाव्या वर्षाच्या आसपासच ठरायला लागते, आणि त्यावर तिथेही टीका होते. ते उचलायची काही गरज नाही.

उचलण्यासारखं जे आहे ते वेगळं आहे, आणि त्यासाठी आधी कारखानदारांची कैफियत ऐकायला हवी. छोटा मालक सांगतो, ‘मी पोरगं घ्यायचं, दीड वर्ष त्याच्याकडून माल खराब करून घ्यायचा, आणि तयार झालं की ते दोन-तीन हजारासाठी पुण्याजवळ चाकणला जायचं. मी काय धर्मशाळा काढलीय?’ हे खोटं नाही. उद्यमनगरातल्या दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला एक रिजेक्ट झालेली लॉट म्हणजे महिन्याचा नफा. वरून मोठ्या कंपनीचं बिल कधी सुटेल याचा भरवसा नाही. अशा मालकाला ‘समाजासाठी शिकवा’ असा उपदेश करणं सोपं आहे. कायद्याचंही बघा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आज ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्याखाली, चारपासून पुढे, ऐच्छिक. म्हणजे जिथे हाताचं कसब खरं मुरलेलं आहे ती छोटी वर्कशॉपं बंधनाच्या बाहेर आहेत, आणि जी बंधनात आहेत त्यांतले अनेकजण अडीच टक्क्यांची खालची रेघ गाठली की समाधानी असतात.

पण शिकलेला माणूस गेला म्हणजे शिकवण्याचा खर्च वाया गेला, हे गणित एका कारखान्याच्या वहीत बरोबर असतं आणि शहराच्या वहीत चूक. परत महाराष्ट्र फिल्म कंपनीकडे चला. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. बाबूरावांना ते किती लागलं असेल याची कल्पना करता येते. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, हाही शहराला घाव होता. तरी सिनेमाचं गाव म्हणून कोल्हापूरचं जे नाव झालं ते याच शिकून बाहेर पडलेल्या माणसांमुळे झालं. उद्यमनगरातले किती मालक आधी दुसऱ्याच्या लेथवर उभे होते? त्यांच्या उस्तादाने ‘शिकला की जाईल’ म्हणून लेथला हात लावू दिला नसता तर आज तक्रार करायला तरी कोण उरलं असतं?

तरीही एकट्याने हा भार घ्यावा असं मी म्हणत नाही. गळतीचा धोका एकट्याला परवडत नसेल तर तो वाटून घ्यायचा असतो, आणि हे या जिल्ह्याला शिकवायला नको. दोन म्हशी असलेल्या शेतकऱ्याला चिलिंग प्लांट परवडत नव्हता, म्हणून १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ निघाला. साखर कारखाने तसेच निघाले. मग शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कागल-हातकणंगलेची मॅक, जुनी कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, या संघटना वीजदरावर जशा एका आवाजात बोलतात, तशा उमेदवारीवर का बोलू नयेत? जर्मनीतून उचलायचं ते हेच. तिथे उमेदवाराचा करार कंपनीशी असतो, त्याला कंपनी पगार देते, आठवड्यातले एक-दोन दिवस तो शाळेत जातो, आणि परीक्षा घेतात व्यापार-उद्योगांची मंडळं, म्हणजे एका अर्थाने सगळे मालक मिळून. त्यामुळे प्रमाणपत्राला किंमत असते, कारण ते देणारेच उद्या नोकरी देणार असतात. आपल्याकडे एका असोसिएशनने उमेदवार भरती करावा, त्याला सहा महिने मोल्डिंगला, सहा महिने पॅटर्न शॉपला, सहा महिने मशीनिंगला, वेगवेगळ्या सभासदांकडे फिरवावं, आणि प्रत्येक सभासदाने उलाढालीच्या प्रमाणात वर्गणी भरावी. मग पोरगं शिरोलीतून गोकुळ शिरगावला गेलं तरी कोणाचं नुकसान होत नाही. चाकणला गेलं तर होतं, हे कबूल. पण सगळीच जाणार नाहीत. आई-वडील, शेतीचा तुकडा, स्वतःचं घर सोडून चाकणला दहा बाय दहाच्या खोलीत राहायला कोणाला हौस नसते. ती जातात, कारण इथला पगार तेवढाही नसतो.

आणि इथे मला मालकांशी थेट भांडायचं आहे. २०१९ च्या नियमांनी उमेदवाराचं किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५ ते ९ हजार ठरवलं. अनेकांनी ‘किमान’ हा शब्द पुसून टाकला आणि तोच दर धरला. गडहिंग्लज किंवा राधानगरीकडून आलेल्या पोराने खोलीभाडं, मेस आणि गाडीचं पेट्रोल यात भागवायचं कसं? आणि एवढं सोसून तो शिकतो काय? कित्येक ठिकाणी उमेदवार म्हणजे ठेकेदाराच्या हेल्परपेक्षा स्वस्त पडणारा हेल्पर. एकाच प्रेसवर वर्षभर एकच पार्ट, मुदत संपली की नवा उमेदवार. ही उमेदवारी नव्हे. असा अनुभव घेतलेलं पोरगं घरी जाऊन धाकट्या भावाला सांगतं की एमआयडीसीच्या नादाला लागू नकोस, त्यापेक्षा अभ्यासिका लाव. मग आपण म्हणतो, या पिढीला कष्ट नकोत. भरतीसाठी पहाटे उठून ग्राउंड मारणाऱ्या, एकाच परीक्षेला चार-चार वर्षं देणाऱ्या पोरांना कष्ट नकोत? ते कष्ट जिथे काही हाती लागण्याची निदान शक्यता आहे तिथे घालतायत, एवढंच. लग्नाच्या बाजारात कंत्राटी कामगाराला कोण विचारतं, हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिन्यांसाठी, नंतर मुदत वाढवली. पैसे थेट खात्यावर, हे चांगलं. पण प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय, कोणी शिकवायचं, शेवटी काय यायला हवं, यावर भर दिसला नाही. अनेकांच्या वाट्याला सरकारी ऑफिसातल्या फायली आणि नोंदी आल्या. मुदत संपल्यावर त्यांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, तेव्हा काही जाणत्यांनी नाकं मुरडली. मला त्या पोरांचं चुकलं असं वाटत नाही. काम करून घेतलं, शिकवलं काही नाही, मग त्यांनी प्रमाणपत्राचं काय करायचं होतं? नोकरीच मागणार.

मुलींबद्दल या सगळ्या चर्चेत कोणी अवाक्षर काढत नाही. आयटीआयच्या फिटर-टर्नरच्या वर्गात त्या मोजक्या, आणि शॉप फ्लोअरवर त्याहून मोजक्या. कारण विचारलं तर ‘जड काम’ हे उत्तर तयार असतं. पण सीएनसीवर, क्वालिटीत, कोअर शॉपमध्ये, कॅडवर कुठलं जड काम आहे? बायकांनी इचलकरंजीच्या सूतगिरण्यांत आणि गारमेंटमध्ये, ऊसतोडीत काय हलकं काम केलं? अडचण स्वच्छतागृहाची आहे, रात्री सुटणाऱ्या शिफ्टनंतरच्या बसची आहे, आणि सुपरवायझरच्या जिभेची आहे. माणसं मिळत नाहीत म्हणणारा उद्योग जेव्हा निम्म्या माणसांसाठी एक धड बाथरूम बांधत नाही, तेव्हा त्याची टंचाई खरंच किती तीव्र आहे असा प्रश्न पडतो.

एक शेवटचा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो: यंत्रं आणि एआय इतक्या वेगाने बदलतायत की आज शिकवलेलं पाच वर्षांत निरुपयोगी होईल, मग शिकवायचं कशाला? हाच आक्षेप सीएनसी आली तेव्हा लेथवाल्यांबद्दल होता. झालं काय? ज्याला धातू कसा कापला जातो हे कळत होतं तो टर्नर सीएनसीवर गेला, आणि ज्याला फक्त हँडल फिरवता येत होतं तो घरी बसला. शिकवण्यात खोली असली की माणूस पुढच्या यंत्रावर जातो. म्हणून तर तीन महिन्यांच्या बटणदाबू कोर्सवर माझा राग आहे.

तेव्हा मागणी करायची तर ती मोजता येईल अशी करावी. प्रत्येक औद्योगिक संघटनेने दरवर्षी जाहीर करावं: सभासदांनी किती उमेदवार घेतले, त्यांना किती विभागांत फिरवलं, किती दिलं, कितीजण मुदतीनंतर कायम झाले, त्यात मुली किती. जो मोठा खरेदीदार कोल्हापूरहून कास्टिंग घेतो आणि दर वर्षी किंमत कमी करा म्हणतो, त्यानेही उमेदवारीच्या खर्चाचा काही पैसा किलोमागे दरात धरावा. माणूस तयार होतो त्याचा फायदा त्यालाही आहे. विद्यापीठाने या उमेदवारीला श्रेयांक द्यावेत, पण शिक्का बघून नव्हे, संघटनेची परीक्षा बघून. आणि सरकारने विद्यावेतनाचा आपला वाटा द्यायचाच असेल तर तो ३० पेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपना आधी द्यावा, कारण बंधन नसतानाही पोरगं हाताखाली घेणारा उस्ताद अजून तिथेच उभा आहे, त्याचं वय साठीकडे झुकलंय, आणि त्याच्या लेथवर त्याच्यानंतर कोण, हे त्याच्या मुलानेही ठरवलेलं नाही.